वाफेची बाजू घेणारे दाजी

दाजी,

तुम्हाला पोचवायला शेडमधली तिघंच आली होती. भीमेच्या काठावर, घाटाच्या पायऱ्यांपाशी, काठ्या टेकून एकमेकांच्या आधाराने उभी होती. बाकी गर्दी होती. तुमची भावकी होती, आळीतली माणसं होती, कुरकुंभच्या कारखान्यातली पोरंही ड्यूटी सोडून आली होती. पण जुन्या स्टीम शेडमधले तिघंच उरलेत आता. त्यातल्या एकाने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "तू त्यो डिझेलवाला मेव्हणा न्हवं?" मी मान हलवली. तर म्हणाला, "लई बोलायचा तुझ्याबद्दल. मेव्हणा चुकीचा हाय, पण डोक्यानं हुशार हाय, म्हणायचा."

मी तिथंच पायरीवर बसलो. उभ्या आयुष्यात तुम्ही मला हुशार म्हणाला नाहीत. चुकीचा मात्र रोज म्हणायचात.

पेपरात द्यायला तुमच्या पुतण्याने माझ्याकडून मजकूर लिहून घेतला. जन्म कुठला, नोकरी कुठली, मागे कोण कोण. तो छापूनही आला. वाचला आणि वाटलं, ह्यात दाजी कुठं आहेत? रेल्वेत फायरमन होते, इंजिनात कोळसा मारायचे, एवढं लिहिलं म्हणजे तुम्ही कळता का कुणाला? म्हणून हे लिहितोय. तुमच्याशी बोलल्याशिवाय माझा दिवस जात नाही, आणि ह्या वयात नवी सवय लागणार नाही.

मी वडगाव रासाईहून दौंडला आलो तेव्हा माझ्याकडे एक पत्र्याची ट्रंक होती आणि आक्काच्या घरी राहायचं एवढंच माहीत होतं. आयटीआयला डिझेल मेकॅनिकची जागा मिळाली होती. तुम्ही तेव्हा ड्यूटीवरून आला होतात. दारातच उभे, डोळे तेवढे पांढरे, बाकी सगळं काळं. मी पाया पडायला वाकलो तर पाय मागे घेतलेत. "थांब, हात काळं हुतील," म्हणालात. मग आंघोळ करून आलात, माझ्यासमोर बसलात आणि विचारलंत, "काय शिकनार?"

"डिझेल मेकॅनिक."

आक्काने चुलीपासून वळून तुमच्याकडे बघितलं. डिझेल आलं की शेड बंद होणार अशी कुणकुण तेव्हाच लागली होती. तुम्ही भाकरी मोडलीत आणि म्हणालात, "शीक. नीट शीक. अर्धवट शिकून माझ्याशी वाद घालू नकोस."

त्या वर्षांत मी जे खाल्लं ते तुम्ही कोळसा ओढून मिळवलेलं होतं. माझी फी, माझा बूट, आजारी पडलो तेव्हाचं औषध. डिझेलचं शिक्षण कोळशावर झालं. हे मी तुम्हाला कधीच बोलून दाखवलं नाही. मेव्हण्याने दाजींचे आभार मानायची आपल्यात रीतच नाही. तुम्ही हसला असतात, किंवा उठून गेला असतात.

मग वाफेची इंजिनं गेली. शेडमधली माणसं जिकडं जागा मिळाली तिकडं पांगली. कुणी पंपावर, कुणी यार्डात, कुणी घरी. तुम्हाला डिझेलचं ट्रेनिंग देऊन असिस्टंट ड्रायव्हर केलं. मी तोवर मालगाडीचा ड्रायव्हर झालो होतो. आणि एके सकाळी मनमाडकडे जाणाऱ्या मालगाडीच्या कॅबमध्ये मी उजव्या बाजूला बसलो आणि डाव्या बाजूला तुम्ही येऊन उभे राहिलात.

मला तोंड वर करवेना. मी म्हणालो, "दाजी, बसा ना."

"बसतो," म्हणालात, आणि उभेच राहिलात. काष्टी गेलं, बेलवंडी गेलं, तुम्ही उभेच. सिग्नल बरोबर पुकारत होतात, काम चोख करत होतात, पण हात कुठं ठेवावेत ते तुम्हाला कळत नव्हतं. एकदा खिशात, एकदा पाठीमागे. शेवटी स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणालात, "हातांना कामच न्हाई रे हितं."

विसापूरच्या पुढं चढ लागला. वाफेच्या दिवसांत त्या चढाला फायरमनचा जीव निघायचा, हे तुम्हीच मला कितीदा सांगितलं होतं. कोळसा मारताना माणूस माणसात राहायचा नाही म्हणे. डिझेलने तो चढ असा घेतला की मला हँडलचा नॉच बदलण्यापलीकडे काही करावं लागलं नाही. वर पोचलो तेव्हा मी तुमच्याकडे बघितलं. मला वाटलं होतं तुमचा चेहरा पडला असेल. तुम्ही मागं वळून डब्यांची रांग बघत होतात.

"बरी चढली," म्हणालात. खोटं बोलणं तुमच्यात नव्हतंच. मग पुढं वळून म्हणालात, "चढली ती चढली. पन ह्येचं तेल कुठनं येतं, ते सांग."

आपलं भांडण तिथं सुरू झालं, दाजी. ते तीसेक वर्षं चाललं.

लोकांना वाटायचं म्हातारा जुन्या आठवणींत रमतोय. शिट्टी, धूर, झुकझुक. तुम्हाला त्यातलं काही नको होतं. कुणी वाफेच्या इंजिनाचं कौतुक करायला लागलं की तुम्ही वैतागायचात. "गाणं नको म्हनू, हिशोब बोल," म्हणायचात. तुमचं म्हणणं सरळ होतं. कोळसा आपल्या जमिनीत आहे, तेल दुसऱ्याच्या. आज स्वस्त वाटतं म्हणून तेलावर चढलो, पण ज्याच्या हातात नळ तो म्हणेल तोवरच ते स्वस्त. आणि जी इंजिनं आपण मोडीत काढली ती जुन्या अकलेची होती. त्यांच्यावरून वाफ महाग ठरवणं म्हणजे बैलगाडीवरून चाक वाईट ठरवण्यासारखं.

मी म्हणायचो, "उभं असलं तरी इंजिन कोळसा खातं. पेटवायला अर्धा दिवस. डिझेलला बटण दाबलं की चालू, दाबलं की बंद."

"बंद? तुमची डिझेलं बंद कवा असत्यात? यार्डात दिसभर नुसती घुरघुरत उभी. परत चालू व्हायची न्हाईत म्हनून ड्रायव्हर बंदच करत न्हाईत. तूच सांगितलंस."

सांगितलं होतं खरं. मी पाण्यावर यायचो. दौंडपासून नगरपर्यंत माणसांना प्यायला पाणी नाही आणि तुमच्या इंजिनाला टाक्या भरून पाणी कुठून देणार? ह्यावर तुम्ही जरा थांबायचात. "ह्ये तुझं बरोबर हाय," म्हणायचात. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा. वाफ थंड करून तेच पाणी परत वापरायचं, असं एका देशात करून बघितलंय, मनीषाने फोनवर वाचून दाखवलं. मनीषा, तुमची लेक, शिरूरला शाळेत शिकवते आणि रविवारी बापासाठी इंग्रजीतलं वाफेचं ज्ञान मराठीत करून आणते. तिच्याकडून तुम्हाला कळलं होतं की सातासमुद्रापार काही इंजिनिअरांनी जुन्या इंजिनात सुधारणा करून निम्म्या-पाऊण कोळशात तेच काम काढलं होतं. त्यांची नावं तुम्हाला म्हणता यायची नाहीत. "आपली मानसं," एवढंच म्हणायचात.

मी म्हणायचो, "कागदावरची इंजिनं आहेत ती, दाजी."

"डिझेलबी आधी कागदावरच हुतं."

एकदा ओट्यावर आपला आवाज इतका चढला की आक्का पीठ मळता मळता बाहेर आली. हात तसेच. म्हणाली, "तुमच्या दोघांच्या हिशोबात माझं धुनं कुठं हाय?" मग बोटांवर मोजत सांगायला लागली, "शेड चालू हुतं तवा वाळत घातलेलं लुगडं परत धुवावं लागायचं. दोनदा धुनं, दोनदा पानी, दोनदा साबन. क्वार्टरातल्या समद्या बायकांचं. त्ये कुनाच्या खर्चात लिवायचं?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मी तुमच्याकडे. ती आत गेल्यावर तुम्ही हळूच म्हणालात, "नव्या इंजिनात काजळी न्हाई उडत. पन आत्ता जाऊन सांगू नकोस."

निवृत्त झाल्यावर तुम्ही कुरकुंभला एका औषध कारखान्याच्या बॉयलरवर लागलात. मला वाटलं घरात करमत नाही म्हणून. एक दिवस मला मुद्दाम बोलावून घेतलंत. बॉयलर हाऊसमध्ये गेलो तर मला भट्टीचा भास होईना. कोळसा पट्ट्यावरून आपोआप आत जात होता. धुराडं वर बघितलं तर धूर असा दिसतच नव्हता. बॉयलरला चारी बाजूंनी उष्णता अडवणारी काचेची जाड लोकर गुंडाळून वरून पत्रा मारलेला. तुम्ही माझा हात धरून त्या पत्र्यावर ठेवलात. कोमट होता.

"आतमंदी काय चाललंय आन् भाईर काय हाय बघ," म्हणालात. "आमच्या इंजिनाला हात लावला असतास तर कातडी निघाली असती. ती समदी उष्णता रानावनात जायची. ह्ये फुकट जात न्हाई. वरनं हवा सोडली की धूर आतच जळतो. ह्येला चाकं लाव. झालं इंजिन."

तिथला जवान सुपरवायझर हसत होता. म्हणाला, "अंकल रोज हमको भी यही बोलते हैं." तुम्हीही हसलात. पण तुमचा हात अजून त्या पत्र्यावरच होता, पाडसाच्या पाठीवर ठेवावा तसा. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हा माणूस बरोबर असू शकतो. तसं मी बोललो मात्र नाही. येताना बसमध्ये पाण्याचा मुद्दा काढला.

पुढे आमचीही वेळ आली. मनमाड लाईनवर खांब उभे राहिले, तारा ओढल्या, आणि माझ्या निवृत्तीच्या सुमाराला डिझेल इंजिनं हळूहळू बाजूला पडली. ज्या इंजिनावर मी बरीच वर्षं काढली ते यार्डाच्या टोकाला उभं केलेलं मी पुलावरून बघत होतो. तुम्ही कधी येऊन शेजारी उभे राहिलात कळलं नाही. मला भीती होती, आता दाजी बोलणार. इतक्या वर्षांचं उट्टं काढायला ह्याहून चांगला दिवस नव्हता. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "चल, च्या पिऊ."

चहा पिऊन झाल्यावर मात्र तुम्हाला राहवलं नाही. "ईज कुठनं येती रे?"

"वीज केंद्रातून."

"केंद्रात काय जळतं?"

मी कप खाली ठेवला. "कोळसा."

"कोळसा जळला की पान्याचं काय हुतं?"

मला हसू फुटलं. तुम्ही इतके खूश झाला होतात की चहावाल्याला पण विचारायला लागलात, गाडी कशावर चालते सांग. तो म्हणाला, लाईटवर. तुम्ही म्हणालात, "न्हाई बाबा. वाफंवर." त्या दिवशी माझं दुःख तुम्ही असं हसवून घालवलंत. मला उशिरा कळलं की ते तुम्ही मुद्दाम केलं होतं.

मग तुमचा दम लागायला लागला.

आधी जिन्यावर, मग अंगणात, मग नुसतं बसल्या बसल्या. पुण्याच्या डॉक्टरांनी फोटो बघून विचारलं, "काम काय करायचे?" मी सांगितलं. फुप्फुसं आतून दगडासारखी झालीत, म्हणाले. घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं.

वादात मी तुमच्याविरुद्ध एक मुद्दा नेहमी शेवटी काढायचो. फायरमनच्या छातीत जो कोळसा जातो तो कुठल्या खर्चात धरायचा, असा. पुण्याहून परत येताना गाडीत मी ठरवलं की हा मुद्दा आता कधी काढायचा नाही. काढलाही नाही. पण तो आपल्या दोघांच्या मध्ये येऊन बसला होता, आणि तुम्हालाही तो दिसत होता.

मशीन विजेवर चालायचं आणि आपल्याकडची वीज तुम्हाला माहीत आहे. पहिल्यांदा लाईट गेली तेव्हा तुमचे ओठ निळे झालेले आक्काने बघितले. मी दुसऱ्याच दिवशी वडगावला गेलो. मळ्यावर मोटरीसाठी घेतलेला डिझेलचा जनरेटर टेम्पोत घातला आणि दौंडला आणून तुमच्या खिडकीखाली बसवला. आवाज एवढा की शेजारी कानात बोटं घालायचे, पण कुणी बोललं नाही.

लाईट गेली, मी हँडल मारलं, मशीन परत सुरू झालं. आत आलो तर तुम्ही नाकातल्या नळीसकट हसत होतात. दम खात खात म्हणालात, "शेवटी तुझ्या डिझेलवर आलो, बाळू."

मी हसायला गेलो आणि हसू आलं नाही.

त्यानंतर रोज विचारायचात, किती डिझेल लागलं. तासाला किती. मग डोळे मिटून आकडेमोड करायचात. एकदा म्हणालात, "एका श्वासाला किती पडतं रं?" आयुष्यभर तुमच्या प्रत्येक हिशोबाला मी हिशोबाने उत्तर दिलं, दाजी. त्या दिवशी म्हणालो, "त्याचा हिशोब करायचा नाही." तुम्ही म्हणालात, "मग हरलास." मी म्हणालो, हरलो.

मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल. म्हणून पुढे बोलत गेलो. म्हणालो, तुमचंच खरं होतं. वाफ सुधारायला हवी होती. घाई केली सगळ्यांनी. कोळसा आपला होता, माणसं आपली होती. तुम्ही नाकातली नळी काढलीत. आक्का धावली, तिला हाताने थांबवलंत.

"असं फुकटचं नको," म्हणालात. "मी आजारी हाय म्हनून तू हो म्हनतोस. पान्याचं काय? सांग, पान्याचं काय?"

"दाजी, नळी लावा."

"आधी सांग."

मी सांगितलं. दुष्काळी मुलूख, टँकर, विहिरी आटतात ते सगळं. ओरडून सांगितलं, कारण बाहेर जनरेटर चालू होता. माझे डोळे वाहत होते आणि मी तुम्हाला पाण्याच्या टंचाईवर भाषण देत होतो. तुम्ही नळी परत लावलीत आणि समाधानाने मागे टेकलात. मग मला विचारलंत, "शेडात शेकड्यानं मानसं लागायची म्हनून तू म्हनायचास वाफ महाग. ती मानसं तू खर्चात लिवलीस. त्यांच्या घरात चुली पेटायच्या, त्ये कुठं लिवलंस?"

मी म्हणालो, "विचार करून सांगतो."

"सांग. घाई न्हाई," म्हणालात.

घाई होती. दुसऱ्या दिवशी दुपारी जनरेटरची टाकी रिकामी झाली म्हणून मी कॅन घेऊन पंपावर गेलो. तिथे ट्रकांची रांग होती. परत आलो तर दारात शेजाऱ्यांच्या चपला दिसल्या. आक्का तुमच्या उशाशी बसली होती. मशीन चालू होतं. ते बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. मी कॅन हातात घेऊन तसाच उभा राहिलो. आक्का माझ्याकडे बघून म्हणाली, "लाईट हुती रे. तुझ्या डिझेलची गरज न्हाई लागली." मला दोष वाटू नये म्हणून तिने ते आधी सांगितलं. नवरा गेलेल्या बाईने.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी शोधतोय. ज्या पगारावर चुली पेटल्या, त्यातली एक आक्काची होती आणि तिच्यावर माझं ताट होतं. हे जमेला लिहावं तर त्याच कामाने तुमची छाती दगड केली, ते नावे लिहावं लागतं. एकच माणूस दोन्हीकडे येतो. तो कुठं मांडायचा मला कळत नाही. डिझेलवाल्यांना ते कळत नाही आणि तुमच्या त्या परदेशातल्या आपल्या माणसांनाही कळलं असेल असं वाटत नाही.

तेरावा झाला, पाहुणे गेले. मनीषा शिरूरला गेली, शाळेला किती दिवस रजा काढणार. मी जनरेटर सोडवायला बसलो तर आक्का म्हणाली, "ऱ्हाऊ दे. वर ये." ओट्यावर आलो. ती तुमच्या जागेवर बसली नाही, खाली पायरीवर बसली. म्हणाली, "घर लई गप झालंय. बोल कायतरी."

"काय बोलू?"

"त्येच. रोजचं. डिझेल का बरं, ते सांग."

मी म्हणालो, आक्का, नको. ती म्हणाली, सांग. मी अडखळत सुरू केलं. बटण दाबलं की चालू, दाबलं की बंद. ती लगेच म्हणाली, "बंद? यार्डात दिसभर घुरघुरत उभी असत्यात ती कुनाची?" दाजी, तोच आवाज, तोच झटका. मी दचकलो. मग मी तेल स्वस्त म्हणालो, तिने नळ कुणाच्या हातात ते विचारलं. मी पाणी काढलं, ती जरा थांबली आणि म्हणाली, ह्ये तुझं बरोबर हाय. आतून भाकरी करता करता तिने सगळं ऐकलं होतं. दोन्ही बाजू तिला पाठ होत्या. ती डोळे मिटून बोलत होती आणि मी रडत रडत उत्तरं देत होतो, आणि आळीतून जाणारी माणसं मान खाली घालून जात होती.

माझे मुद्दे संपले. ती म्हणाली, "एक राह्यलं. छातीचं."

"ते नको, आक्का."

"काढ. आजारपनाच्या आधी तू काढायचास."

मी म्हणालो, "फायरमनच्या छातीत कोळसा जातो, तो कुठल्या खर्चात धरायचा?"

तिने डोळे उघडले.

"ह्येला त्ये काय म्हनायचे रे?"

"काही नाही म्हणायचे. गप्प बसायचे."

"मग मीबी गप बसते," आक्का म्हणाली, आणि पदर तोंडाला लावला.